ग्रेहाउंडचं पोट, ग्रेहाउंडचं डोकं : दुसऱ्याच्या मापाने मोजलेला कुत्रा

सुतळीच्या, म्हणजे आमच्या ग्रेहाउंड कुत्रीच्या, रक्ताच्या रिपोर्टमध्ये चार आकडे ठळक छापून आले होते. प्लेटलेट १ लाख २० हजार. लॅबची खालची मर्यादा २ लाख. पांढऱ्या पेशी कमी. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५८ टक्के, वरच्या मर्यादेच्याही वर. थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक तर जवळजवळ नाहीच. कुत्री मात्र लॅबच्या पायरीवर उभी राहून समोरच्या वडापावच्या गाडीकडे एकटक बघत होती. आमच्या सहकारनगरातल्या सोसायटीत तिला बघून नवीन माणूस हमखास विचारतो, "अहो, हिला जेवायला घालता की नाही?" आता लॅबचा कागदही तेच विचारत होता.

पुढचे दोन महिने काय झालं ते आधी सांगतो, कारण या जातीच्या आजारांचा सगळा इतिहास त्या दोन महिन्यांत आमच्या घरातून फिरून गेला. प्लेटलेट कमी म्हणजे गोचीड ताप, असं ठरलं आणि २८ दिवसांचं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झालं. पुण्यात हा निष्कर्ष वावगा नाही. पावसाळ्यात तळजाईवर फिरून आलेल्या कुत्र्याच्या कानामागे बोट फिरवलं तर बरेचदा काहीतरी हाताला लागतंच, आणि तांबडी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींतसुद्धा सुखाने राहते. तिच्यातून पसरणारा एर्लिकिया कॅनिस हा जंतू १९३५ साली अल्जीरियात पहिल्यांदा सापडला. प्लेटलेट पाडणं ही त्याची ओळख. पण डॉक्सीने सुतळीचं पोट बिघडलं. उलट्या, मग पातळ शी. मग आम्ही शहाणपणा केला. घरात माणसांच्या जुलाबासाठी आणलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या होत्या, ४०० मिलिग्रॅमच्या. माणसाला दिवसातून तीनदा देतात म्हणून २६ किलोच्या कुत्रीलाही तीनदा दिल्या. शी सुधारली की बंद, बिघडली की चालू, असं करत तीन आठवडे गेले.

एका रात्री ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली आणि कपाटावर जाऊन टेकली. मान डावीकडे कललेली. डोळ्यांची बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी, पण फार भराभर, आडवी हलत होती. मागचे पाय पसरले आणि फरशीवर ती खाली बसली ती उठेचना. मी ही फिटच आहे असं समजून चाललो होतो. घरात कुणीतरी गार्डिनालचं, म्हणजे फिटवरच्या गोळीचं, नावही घेतलं. रात्रीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर मुलीने एकच विचारलं, "हिला सध्या काय काय चालू आहे?" गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली आणि तिने ती उलटी करून टेबलावर ठेवली. बोलली काहीच नाही.

पोटाच्या औषधाने डोकं बिघडतं, हे माहीत होऊनही बराच काळ लोटला आहे. मेट्रोनिडॅझोलमुळे मेंदूवर परिणाम झालेल्या पाच कुत्र्यांची नोंद अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. कललेली मान, हलणारी बुबुळं, तोल जाणं, सगळं तेच. मोठे डोस आणि लांबलेला कोर्स ही त्यातली मुख्य कारणं. २००३ च्या एका अभ्यासात डायझेपाम हे शामक औषध दिलेली कुत्री इतरांपेक्षा लवकर सावरलेली दिसली. सुतळीलाही तेच दिलं. चौथ्या दिवशी ती सरळ चालत होती.

पण सुरुवात त्या प्लेटलेटपासून झाली होती, आणि ती कमी नव्हतीच. ग्रेहाउंडमध्ये ८० हजार ते २ लाख हा आकडा सर्वसाधारण धरतात. तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, पांढऱ्या कमी, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं चढं, टी-४ पुष्कळदा लॅबच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. हे सगळं निरोगी कुत्र्याचं. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी कित्येक ग्रेहाउंडांना विनाकारण आयुष्यभर थायरॉइडच्या गोळ्या दिल्या.

एवढी साधी गोष्ट नजरेतून का निसटावी? कारण या कुत्र्याचं वैद्यक घडलं शर्यतीच्या मैदानावर. १९१९ मध्ये ओवेन पॅट्रिक स्मिथने कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे यांत्रिक सशामागे कुत्रे पळवायचं मैदान सुरू केलं. २४ जुलै १९२६ ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर ब्रिटनमधली तशी पहिली शर्यत झाली. तिथल्या पशुवैद्याचं लक्ष हाडं, स्नायू आणि घड्याळाकडे. कुत्रा चार-पाच वर्षांचा झाला की मैदानाच्या दृष्टीने संपला. त्याचं म्हातारपण बघायला कुणी थांबतच नव्हतं. निवृत्त कुत्र्यांना घरं मिळवून देणारी ब्रिटनमधली संस्था १९७५ ची. अमेरिकेत ती लाट त्यानंतर आली, आणि फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये कौल दिल्यावर २०२० अखेर तिथल्या शर्यती बंद झाल्या. कुत्रे दिवाणखान्यात आले, नेहमीच्या डॉक्टरांपुढे म्हातारे व्हायला लागले, आणि त्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता होता इतर कुत्र्यांचा.

फरक अजिबात माहीत नव्हता असं नाही. साध्या मिश्र कुत्र्यांच्या आणि ग्रेहाउंडांच्या रक्ताची तुलना १९७१ मध्येच छापून आली होती, प्लेटलेटवरचा खास अभ्यास १९९४ चा. ओहायो स्टेट विद्यापीठातले गिलेर्मो कुटो यांनी पुढे हा विषय अक्षरशः लावून धरला. पण शोधनिबंधातून लॅबच्या मशीनमध्ये माहिती उतरायला वेळ लागतो. पुण्यातल्या मशीनला तर जात विचारायचीही सोय नव्हती. फॉर्मवर फक्त "कॅनाइन" एवढाच रकाना.

पोटाची कथा थोडी किळसवाणी आहे. अमेरिकेतल्या शर्यतीच्या कुत्र्यांना कच्चं मांस घालत, आणि ते माणसांसाठी नाकारलेलं: मेलेल्या, आजारी जनावरांचं. कॅन्सस राज्यात अशा मांसाचे ११२ नमुने तपासले तेव्हा ५० मध्ये साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू निघाला. तो निबंध १९९३ चा. म्हणजे 'ग्रेहाउंडचं पोट नाजूकच असतं' हे जे आपण ऐकतो, त्यातला काही भाग त्या ताटाचा आहे. जंतांचंही तसंच. वाळूच्या आवारात दाटीने राहणारे कुत्रे आणि सारखं सारखं जंतांचं औषध, यातून हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, निर्ढावले. तीन वेगवेगळ्या वर्गांतल्या औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी २०१९ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवले, आणि मूळ संशय शर्यतीच्या ग्रेहाउंडांवरच गेला. या जंतांच्या अळ्या स्नायूंत झोपून राहतात आणि आतड्यातले मोठे जंत मेले की हळूहळू वर येतात. म्हणून एक डोस दिला, शी बांधली गेली, महिन्याने पुन्हा पातळ, असा खेळ चालतो. अशा वेळी औषध बदलण्याआधी शी तपासावी आणि औषधानंतर पुन्हा तपासावी. खर्च फार नाही. डबी घेऊन लॅबमध्ये जायची लाज तेवढी सोडावी लागते.

आपल्याकडचं ताट निराळं. पोळी-दूध. आमच्या आईच्या मते जगातल्या प्रत्येक प्राण्याचा तोच आहार, आणि तिने गावाकडे ज्वारीची भाकरी नि दूध खाऊन ससा पकडणारी कुत्री पाहिलेली आहेत, त्यामुळे वाद घालता येत नाही. पण वयात आलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, आणि डॉक्सीची गोळी दुधाबरोबर दिली तर ती अंगी कमी लागते. आम्ही नेमकं तेच करत होतो. गोळी कोरडी गिळवली तर अन्ननलिकेला इजा होते, म्हणून जेवणाबरोबर द्यायची. आता भाताच्या गोळ्यात घालून देतो, वर दोन घोट पाणी.

उंच स्टँडवरच्या भांड्याबद्दलही बोलायला हवं, कारण लांब मानेच्या कुत्र्याला ते सोयीचं म्हणून सगळे आणतात. अरुंद आणि खोल छातीच्या कुत्र्यांत पोट वायूने फुगून त्याला पीळ बसण्याची भीती असते. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका वाढलेला दिसला. भराभर खाणं आणि कुत्र्याच्या आईबापांत किंवा भावंडांत कुणाला तसं झालेलं असणं, हेही त्यात होतं. पोट ढोलासारखं, ओकारीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा एका जागी बसत नाही: हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. आमचा स्टँड आता कुंडीखाली आहे.

आता डोकं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुत्र्यांना एक विचित्र आजार व्हायचा. कुत्रा एकाएकी घाबरून किंचाळत सुटायचा, भिंतींवर आदळायचा, झटके यायचे. त्याला 'कॅनाइन हिस्टेरिया' म्हणत. जंत, जीवनसत्त्वं, स्वभाव, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. १९४६ मध्ये ब्रिटिश संशोधक एडवर्ड मेलनबी यांनी दाखवलं की दोष पिठात आहे. पाव पांढरा दिसावा म्हणून पिठाला नायट्रोजन ट्रायक्लोराइडची धुरी देत, आणि त्याच पिठाची बिस्किटं कुत्र्यांना घालत. (याच मेलनबींनी आधी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून मुडदूस आणि आहाराचं नातं उलगडलं होतं.) पिठावरची ती प्रक्रिया पुढे बंद पडली आणि तो आजारही ओसरला. तेव्हा 'कुत्रा हळवा आहे' म्हणून सोडून दिलेली फिट ताटातून आलेली असू शकते, किंवा औषधाच्या कपाटातून.

कपाट म्हटलं की भूल आली. ग्रेहाउंड भुलेतून उठत नाहीत, हे पशुवैद्यांच्या पिढ्यांना माहीत होतं. थायोपेन्टोन हे भुलीचं औषध दिलं की साधा कुत्रा उठून घरी जायचा आणि हा पडूनच. अंगावर चरबी नाही म्हणून, असं सगळे सांगत. ते अर्धंच खरं. ओहायो स्टेटमध्येच १९८५ मध्ये मोजून पाहिलं तर औषध रक्तातून फार सावकाश उतरत होतं. म्हणजे यकृत ते मोडायला वेळ लावत होतं. पुढे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कामातून बोट यकृतातल्या सीवायपी२बी११ या विकराकडे गेलं. मला यातली गंमत वाटते ती १९८८ च्या प्रयोगाची. ग्रेहाउंडांना आधी काही दिवस फेनोबार्बिटल दिलं, तर थायोपेन्टोन भराभर उतरू लागलं. फेनोबार्बिटल म्हणजे आपलं गार्डिनाल, १९१२ पासून फेफऱ्यावर वापरात असलेलं, आणि थायोपेन्टोनसारखंच बार्बिट्युरेट गटातलं. म्हणून 'ग्रेहाउंडला बार्बिट्युरेट नकोच' ही ऐकीव भीती खऱ्या अपस्माराच्या कुत्र्याला गार्डिनालपासून दूर ठेवायला पुरेशी नाही. रक्तातली पातळी आणि यकृत तपासत ते देतात. मनाने सुरू करायचं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे एकदम बंद करायचं नाही.

या जातीचा स्वतःचा म्हणावा असा मज्जातंतूंचा आजारही आहे. प्रदर्शनासाठी वाढवलेल्या ग्रेहाउंडांत तीन ते नऊ महिन्यांच्या वयात सुरू होणारी पॉलिन्यूरोपॅथी, म्हणजे अंगभरच्या मज्जातंतूंचा बिघाड: पाय उंच उचलून चालणं, सशासारख्या उड्या, लवकर दमणं, भुंकण्याचा आवाज बदलणं. एनडीआरजी१ या जनुकातला १० अक्षरांचा तुकडा गळाल्याने ती होते, हे २०१० मध्ये कळलं. दोन्ही पालकांकडून दोष आला तरच पिल्लू आजारी पडतं. वयस्क कुत्र्यांत कमरेच्या मणक्यात मज्जातंतू दाबले जाणं जास्त दिसतं. पण पुण्यात तोल गेलेला कुत्रा आला की डॉक्टर आधी डिस्टेंपरचं, म्हणजे मेंदूपर्यंत जाणाऱ्या विषाणूच्या आजाराचं, लसीकरण विचारतात, आणि ते बरोबरच आहे. सोबत गोचिडाची कोणती गोळी चालू आहे तेही सांगावं. आयसॉक्सॅझोलिन वर्गातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. आमच्या सुतळीला दिवाळीत थरथर सुटते, पण त्याचं कारण तिच्याच नावाचा बॉम्ब.

कुत्रे व्यापारासाठी आयात करण्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये बंधनं आली. पुण्यात दिसणारा ग्रेहाउंड बहुधा पंजाबकडून आलेला असतो, जिथे किला रायपूरच्या खेळांत कुत्रेही पळत आले आहेत. लांब पायांचे बाकीचे आपले: सोलापूर-मराठवाड्याकडचे कारवानी, पश्मी, आणि मुधोळचे. मुधोळच्या घोरपडे राजांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने मागच्या महिन्यात सोलापूरहून कारवानी पिल्लू आणलं. "काका, तुमच्याकडचा तो ग्रेहाउंडच्या रक्ताच्या आकड्यांचा कागद झेरॉक्स करून द्या ना." मी जरा थांबलो. २००४ मध्ये ८५ जातींच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा सलुकी आणि अफगाण हाउंड एका जुन्या गटात पडले आणि ग्रेहाउंड युरोपातल्या मेंढपाळी कुत्र्यांच्या शेजारी. बांधा सारखा म्हणून रक्त सारखं असेलच असं नाही. शेवटी झेरॉक्स दिली, पण वर लाल पेनने 'फक्त ग्रेहाउंडसाठी' असं लिहिलं, आणि त्याला सांगितलं की पिल्लू वर्षाचं झालं, धडधाकट असलं, की एकदा त्याचं रक्त तपासून तो कागद जपून ठेव. त्याने विचारलं, "बरं असताना कशाला टोचायचं?" सुतळी जिन्यात बसून त्याच्या हातातल्या खारीकडे बघत होती.