खंडोबा

खंडोबा हे महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत. मल्हारी, मार्तंड, म्हाळसाकांत ही त्याचीच नावे. कर्नाटकात तो मैलार. पुणे जिल्ह्यातील जेजुरी हे त्याचे सर्वांत गजबजलेले ठाणे, पाली (जि. सातारा) आणि नळदुर्ग (जि. धाराशिव) येथेही मोठ्या यात्रा भरतात.

‘मल्हारी माहात्म्या’नुसार मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचा अवतार घेतला. सहा दिवसांच्या युद्धानंतर मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, दोघे पडले. मरताना मणी शरण आला आणि त्याला देवाजवळ जागा मिळाली. ज्याला मारले त्यालाही पूजेत सामावून घेणारे हे दैवत आहे, हे ध्यानात घ्यावे.

पुराणापेक्षा लोककथेतला खंडोबा अधिक जवळचा वाटतो. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यावर देव घर सोडून चंदनपुरीला गेला आणि बाणाईच्या वाड्यावर चाकर म्हणून मेंढरे राखू लागला. पुढे तिला घेऊन परतल्यावर दोन्ही सवतींची जुंपली. खंडोबाचे उपासक वाघ्या-मुरळी जागरणात हे भांडण इतक्या रंगात गातात, की ऐकणाऱ्याला ते शेजारच्या घरातले वाटावे. जेजुरीत बाणाईचे देऊळ गडाच्या वाटेवर मध्येच आहे. गडावर देवाशेजारी म्हाळसा.

पूजेत भंडारा, म्हणजे हळदीची पूड, सर्वांत महत्त्वाची. तळी भरताना ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवतात. पाच जण मिळून ते ताम्हण ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत वर उचलतात. मग भंडारा उधळतात आणि खोबरे वाटतात. हे करायला देवळात जावे लागत नाही. ओसरीवर घोंगडी अंथरली की झाले. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या रोडग्यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अनेक घरांत त्या दिवसापासूनच पुन्हा खातात.

रविवार हा देवाचा वार. सोमवती अमावस्येला जेजुरीची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. दसऱ्याला सुमारे ४२ किलोंचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, उचलण्याची, दातांनी तोलून धरण्याची चढाओढ लागते. उधळलेल्या भंडाऱ्याने गडाच्या पायऱ्या पिवळ्या होतात, म्हणून म्हणतात सोन्याची जेजुरी.