बर्फघर (ब्रिटिश)

बर्फघर : हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ काढून तो उन्हाळ्यापर्यंत टिकवण्यासाठी बांधलेली, बहुधा जमिनीत उतरवलेली वास्तू. ब्रिटनमध्ये सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत उमराव-जमीनदारांच्या ग्रामीण वाड्यांच्या आवारात ती असे.

बर्फ साठवण्याची कल्पना पुरातन आहे. युफ्रेटीसकाठच्या मारी येथील इष्टिकालेखांत (मातीच्या विटांवर कोरलेले लेख; इ. स. पू. अठरावे शतक) बर्फघराचा उल्लेख येतो, इराणातील यखचाल (बर्फ साठवण्याच्या घुमटी वास्तू) ही प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमधील आरंभाविषयी मात्र एकमत नाही. राजा पहिल्या जेम्ससाठी ग्रीनिच येथे सु. १६१९ मध्ये आणि पुढे हॅम्प्टन कोर्ट येथे सु. १६२५-२६ मध्ये झालेल्या बांधकामांपासून काही अभ्यासक ही परंपरा मोजतात. तथापि या हिमविहिरी, म्हणजे तळ्यावरचा बर्फ नव्हे तर पडलेले हिम साठवण्याचे खड्डे होत्या, असे दिसते. दुसऱ्या चार्ल्सने १६६० च्या सुमारास लंडनच्या सेंट जेम्स पार्कच्या वरच्या भागात (सध्याचे ग्रीन पार्क) बांधवलेले बर्फघर हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एडमंड वॉलरच्या १६६१ च्या कवितेत राजाचा पेला गार करणाऱ्या या साठ्याचे वर्णन आहे.

रचनेत विटांची अंडाकृती विहीर, वर घुमट, त्यावर मातीचा ढीग आणि दोन-तीन दारांचा बोळ असे. प्रवेश बहुधा उत्तरेकडून. बर्फ कुटून, ठासून भरत व भोवती गव्हाचा पेंढा घालत. खरी मेख तळाच्या निचऱ्यात होती. वितळलेले पाणी साचले तर वरचा बर्फ भराभर विरघळतो, आणि मोरी उघडी ठेवली तर तिच्यातून उबदार हवा शिरते. म्हणून मोरीला असा बाक देत की त्यात थोडे पाणी साचून हवा अडेल व जादा पाणी वाहून जाईल. ग्रामीण जीवनावर लिहिणारा इंग्रज लेखक विल्यम कॉबेट याचा तर जमिनीतल्या बर्फघरांनाच आक्षेप होता : बर्फाचा शत्रू ओल असून ऊन नव्हे, असे सांगून त्याने पेंढ्याने शाकारलेल्या, जमिनीवरच्या व्हर्जिनियन (अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या) पद्धतीची शिफारस केली. वाडेकऱ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

तळ्याचा बर्फ गढूळ असल्याने तो सहसा पेयात न घालता भांड्याभोवती रचत. अमेरिका व नॉर्वेहून येणारा बर्फ आणि नंतर शीतयंत्रे यांमुळे ही घरे मोडीत निघाली. अनेकांत आता वटवाघळे हिवाळा काढतात.

अमेरिकन बर्फ १८३३ मध्ये कोलकात्यास पोहोचला. पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फघरे झाली. ती व्यापारी गोदामे असल्याने प्रस्तुत प्रकारात मोडत नाहीत.