पहिल्या बाळंतपणाआधीचा काळ : बेळगाव सीमाभागातील संततिनियमनाची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी घरांत सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले, तर ती बातमी आनंदाची की लपवण्याची, हे तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही यावरून ठरते. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. या वयातील गर्भारपणात रक्तक्षय, गर्भारपणातील झटके, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका अधिक असतो, आणि तो लग्न झालेल्या मुलीलाही तितकाच असतो. गर्भधारणा टाळण्याची साधने सरकारी दवाखान्यात अनेक दशकांपासून मोफत मिळत असूनही ती बाईपर्यंत पोहोचतात ती बहुधा पहिल्या, नव्हे दुसऱ्या बाळंतपणानंतर. असे का झाले, हे समजून घ्यायचे असेल तर या भागात संततिनियमनाचा विचार कोणत्या वाटांनी आला आणि तो कोणाला उद्देशून होता, हे पाहावे लागते.

पहिली वाट मुंबईची. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई प्रांतात होता, त्यामुळे मुंबई-पुण्यातील वाद इथल्या वाचणाऱ्या घरांतही पोहोचत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि त्या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत निघत राहिले. लैंगिक प्रश्नांना त्यात उघड, शास्त्रीय आणि मराठीत उत्तरे दिली जात. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. त्यामागे आंबेडकरांचा विचार होता आणि सततच्या बाळंतपणांनी बाईच्या देहाची जी झीज होते, ती त्या मांडणीच्या केंद्रस्थानी होती. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. तो मंजूर झाला असता तर बेळगावही त्याच्या कक्षेत आले असते, म्हणून या पराभवाची नोंद सीमाभागाच्या इतिहासातही व्हायला हवी असे मला वाटते.

दुसरी वाट म्हैसूरची. जे मुंबई प्रांताने नाकारले, ते म्हैसूर संस्थानाने आधीच करून ठेवले होते. १९३० मध्ये म्हैसूर सरकारने आपल्या रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे उघडली आणि सरकारी पातळीवरील असा तो जगातील अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील हुबळीत जन्मलेल्या धन्वंती रामा राव यांनी १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघाची स्थापना केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. या निर्णयाविषयी मराठी माणसाची भावना सर्वश्रुत आहे. संततिनियमनापुरते बोलायचे, तर या भागाला त्या दिवशी दोन्ही प्रांतांचा वारसा मिळाला. दुर्दैवाने त्या वारशात एक उणीवही सामाईक होती : दोन्हीकडचा विचार मुख्यतः विवाहित, मुले झालेल्या, थकलेल्या बाईचा होता.

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला, तेव्हा हीच उणीव त्याच्या रचनेत उतरली. गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण आला, त्याखाली हसणारे आई-वडील आणि दोन मुले आली. १९६५ च्या सुमारास गर्भाशयात बसवायचा लूप आला आणि १९६८ पासून निरोध स्वस्तात मिळू लागला. तरी कार्यक्रमाचा सगळा भार हळूहळू शस्त्रक्रियेवर गेला. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभरात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्या जबरदस्तीचा धसका इतका खोल गेला की पुढे ही जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे बायकांवर पडली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) कर्नाटकात विवाहित स्त्रियांपैकी ५७.४ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण शून्याच्या जवळ आहे. सरकारी निकषांप्रमाणे या शस्त्रक्रियेसाठी बाई विवाहित, किमान २२ वर्षांची आणि एका तरी मुलाची आई असावी लागते. म्हणजे ज्या उपायावर सारी यंत्रणा उभी राहिली, तो किशोरवयीन मुलीच्या उपयोगाचा नव्हताच. पाळणा थांबवण्याची सोय झाली, पण तो पहिल्यांदा केव्हा हलावा, हा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडला गेला.

लग्नाच्या वयाचे कायदे या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा बारा वर्षांवर नेली, १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले आणि १९७८ मध्ये ते अठरा झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात कर्नाटकाने पुढे स्वतःची दुरुस्ती केली, त्यानुसार राज्यात झालेला बालविवाह मुळातच रद्द ठरतो. महाराष्ट्रात तसा विवाह सामान्यतः अल्पवयीन पक्षाने मागितल्यास रद्द होऊ शकतो. सीमेच्या एका बाजूला माहेर आणि दुसऱ्या बाजूला सासर असलेल्या चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या सोयरिकींत हा फरक क्वचितच कोणाला ठाऊक असतो. मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न लावण्याची चाल असलेल्या घरांत तर मुलगी वयात आली की बोलणी जवळजवळ झालेलीच असतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याच्या, म्हणजे देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांताने १९३४ मध्ये आणि कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला. त्या प्रथेत कोवळ्या वयातील मातृत्व हा अपघात नव्हता, ती रीतच होती. अलीकडची स्थिती पाहिली तर २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार कर्नाटकात २० ते २४ वयोगटातील २१.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले होते, आणि १५ ते १९ वयोगटातील ५.४ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

शाळेने ही पोकळी भरून काढायला हवी होती. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विरोध झाला, तेव्हा तो रोखणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होती, म्हणजे सीमाभागातील मुलीला कोणत्याही बाजूने आधार उरला नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची किशोरांसाठीची केंद्रे कर्नाटकात ‘स्नेह क्लिनिक’ म्हणून, तर महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून चालतात. कर्नाटक राज्याचे आरोग्यविषयक छापील साहित्य मात्र प्रामुख्याने कन्नडमध्ये निघते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला पाळी, गर्भधारणा आणि तिचे हक्क तिच्या भाषेत वाचायला मिळणे ही आरोग्याची गरज आहे, आणि ती सीमावादाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

साधनांची यादी आता बरीच वाढली आहे, पण कोणते साधन कशासाठी, याची गल्लत अजून होते. निरोध हे एकच साधन गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग या दोन्हींपासून वाचवते. प्रत्यक्ष वापरातील चुका धरल्या, तर त्यावरच अवलंबून राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे तेरांना वर्षभरात गर्भ राहतो. रोज घ्यायच्या गोळ्यांत हे प्रमाण सुमारे सात आहे. तांबीत ते एकाहूनही कमी आहे, कारण एकदा बसवल्यावर रोज आठवण ठेवावी लागत नाही. मूल न झालेल्या तरुणीला तांबी बसवता येत नाही, हा गैरसमज या भागात पक्का रुजला आहे. डॉक्टरांनी तपासून योग्य ठरवल्यास ती बसवता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी आता सरकारी केंद्रांत ‘छाया’ नावाने मिळते. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन २०१७ पासून कार्यक्रमात आले. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, घ्यायची असते आणि २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती राहिलेला गर्भ पाडत नाही आणि नेहमीच्या साधनाची जागाही घेऊ शकत नाही. औषधाच्या दुकानातून कुजबुजत आणलेल्या या एका गोळीवर अनेक मुलींची सारी माहिती संपते, हे मला फार काळजीचे वाटते.

कायद्याची भीतीही मुलींना दवाखान्यापासून दूर ठेवते. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी लैंगिक संबंध, तिची संमती असली तरी, गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीच्या बाबतीतही हाच नियम लावला. बेळगाव जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, सोळा वर्षांवरील मुलींच्या प्रेमप्रकरणांतून येणारे खटले पाहून संमतीच्या वयाचा पुनर्विचार करावा असे विधी आयोगाला सुचवले. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना या कायद्याची माहिती देण्याची व्यवस्था करण्यासही शिक्षण खात्याला सांगितले. आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात वय कमी करण्यास नकार दिला.

गर्भपाताचा १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि अल्पवयीन मुलीसह काही गटांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची मुदत लागू केली. त्याच निकालात असेही स्पष्ट केले की संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकाने तशी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. आशाताईंनी, शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी ही एवढी तरतूद ठाऊक करून घेतली, तर मुलगी घाबरून गावठी उपायांकडे वळण्याऐवजी वेळेत नोंदणीकृत दवाखान्यात पोहोचू शकते.