थर्मल स्प्रे कोटिंगसाठी लेझर सरफेस टेक्श्चरिंग

कोटिंग मारायच्या आधी पार्टच्या पृष्ठभागावर लेझरने बारीक खड्डे किंवा चर पाडायचे, जेणेकरून कोटिंग घट्ट बसेल, ही ती पद्धत. थर्मल स्प्रेमध्ये पावडर किंवा वायर वितळवून जोरात मारतात, थेंब आपटून चपटे होतात, थिजतात आणि थरावर थर चढत जातो. पण हा थर वेल्डिंगसारखा खालच्या धातूशी एकजीव होत नाही, बहुतेक वेळा नुसता खाचाखोचांत अडकून बसतो, त्यामुळे खाली गुळगुळीत असेल तर पापुद्रा सुटलाच म्हणून समजा.

नेहमीचा उपाय म्हणजे ग्रिट ब्लास्टिंग, अल्युमिनाचे कण मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा. स्वस्त आणि झटपट, पण कण धातूत रुतून राहतात, पातळ पत्रा वाकतो, आणि सिंगल क्रिस्टल, म्हणजे अख्खं एकाच स्फटिकाचं, टर्बाइन ब्लेड असेल तर मार बसलेल्या जागी पुढे तापल्यावर नवे क्रिस्टल वाढायची भीती.

लेझरमध्ये काही स्पर्शच नाही. सहसा नॅनोसेकंद पल्सचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजायचे झटके) फायबर लेझर वापरतात, प्रत्येक पल्सला थोडा धातू वितळून, थोडा वाफ होऊन उडतो आणि खड्डा खोल होत जातो. खरी गंमत मापात आहे. खड्ड्याचं तोंड स्प्रेच्या थेंबापेक्षा बारीक असलं की चपटा झालेला थेंब वर झाकणासारखा बसतो आणि आत पोकळी तशीच, फार खोल केला तर तळ भरत नाही. खड्डे तिरपेही पाडता येतात, मग कोटिंग हुकासारखं अडकतं, फक्त स्प्रेही त्याच कोनात मारावा लागतो. कोटिंग आणि धातूचा जोड सपाट असेल तर तडा त्यावरून सरळ धावत जातो, खड्डे असले की त्याला वळणं घेत जावं लागतं नाहीतर कोटिंग फोडून.

घट्टपणा मोजायला एएसटीएम या मानकसंस्थेची सी६३३ ही टेस्ट, कोटिंग केलेल्या ठोकळ्यावर दुसरा ठोकळा इपॉक्सी गोंदाने चिकटवून दोन्ही ओढायचे. टेक्श्चर चांगलं जमलं की बऱ्याचदा आधी गोंदच सुटतो, म्हणजे कोटिंग गोंदापेक्षा घट्ट आहे एवढंच कळतं, खरा आकडा हाती लागतच नाही!

तोटे म्हणाल तर काम हळू, मशीन महाग, कडेला उसळून थिजलेला धातू आणि ऑक्साइड राहतो, शिवाय खोल खड्ड्यातून फटीगचा (वारंवार ताण पडून येणारा) तडा सुरू होऊ शकतो. म्हणून मोठ्या साध्या पार्टला अजून ब्लास्टिंगच परवडतं.