कर्नलमधून जुना कोड काढण्याआधी आम्ही काय तपासतो

आपल्या उपकरणांवरच्या लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) देखभाल आमच्याकडे आहे. अपडेटच्या टिपणात ‘न वापरलेला कोड काढला’ अशी ओळ दिसली की काही ग्राहक विचारतात, चाललंय ते चालू द्या ना, हात कशाला लावता? प्रश्न रास्त आहे. पण पडून असलेला कोडही सांभाळावाच लागतो. भोवतालचा कोड बदलला की त्यातही दुरुस्ती करावी लागते, आणि त्यात सुरक्षेची त्रुटी असली तरी कुणी तिकडे फिरकत नाही. मूळ लिनक्समध्येही अशी साफसफाई होत असते. २०१८ मधल्या ४.१७ आवृत्तीतून आठ जुन्या प्रोसेसर कुळांचा आधार एकदम गेला. रायझरएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) जाणार, हे २०२२ मध्येच जाहीर झाले होते. ती प्रत्यक्षात गेली ६.१३ मध्ये.

कोड पुसायला दोन मिनिटे लागतात. तो खरोखर कुणी वापरत नाही, हे ठरवण्यात सगळा वेळ जातो. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने ‘वापर नाही’ म्हटले तरी ते त्या एका कॉन्फिगरेशनपुरते, म्हणजे कर्नलचे कोणते पर्याय चालू आहेत त्या निवडीपुरते. म्हणून सगळे पर्याय चालू ठेवून, सगळे बंद करून आणि कसेही निवडून, वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी आम्ही कर्नल कंपाइल करतो. नाव शोधूनही फसगत होते, कारण काही ठिकाणी मॅक्रो (कंपाइल होताना कोडचा मजकूर तयार करणारा नियम) दोन तुकडे जोडून फंक्शनचे नाव तयार करतो आणि पूर्ण नाव एकाही फाइलमध्ये सापडत नाही.

मग कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास. शेवटचा वापर कधी गेला आणि कशामुळे, हे त्यात कळते. कधी वेगळेच निघते: कोडभोवती कॉन्फिगची अट असते, पण अटीतल्या नावात एक अक्षर चुकलेले असते, त्यामुळे तो कोड कधीच कंपाइल झालेला नसतो. दिसायला मृत, पण इथे पुसायचे नसून स्पेलिंग सुधारायचे. आमच्या मते तपासणीचा खरा कस इथे लागतो. (सुधारल्यावर तो पहिल्यांदाच चालणार, म्हणून त्याची चाचणी नव्या कोडसारखीच करावी लागते.)

‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या फोल्डरांखालच्या, कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींना मात्र आम्ही सहसा हात लावत नाही. त्या वाचणारी स्क्रिप्ट आपल्याकडे असते, कर्नलमध्ये कितीही शोधले तरी ती दिसायची नाही.

आपल्याकडून एकच गोष्ट हवी. स्वतः लिहिलेले किंवा दुसऱ्या पुरवठादाराचे कर्नल मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडता येणारा भाग) आपण वापरत असाल, तर अपडेटआधी ‘एलएसमॉड’ या कमांडने दिसणारी, लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी आम्हाला पाठवा. मूळ प्रकल्पात एक्सपोर्ट केलेल्या, म्हणजे मॉड्यूल्सना वापरायला खुल्या ठेवलेल्या, फंक्शनचा कर्नलच्या आत वापर उरला नाही की ते काढले जाते. बाहेरची मॉड्यूल्स तिथे मोजत नाहीत. आम्ही मोजतो, पण ती आहेत हे आम्हाला ठाऊक हवे. अपडेटनंतर मॉड्यूल लोड झाले नाही आणि ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) ‘अननोन सिम्बॉल’ दिसले, तर ती पूर्ण ओळ कळवा. तोवर बूट मेनूतून आधीचा कर्नल निवडता येईल. तो आम्ही काढत नाही.