हाउसिंग बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्स सपोर्ट : पात्रता

ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी दोन सरकारी साहाय्ये. पहिले घरभाड्यासाठी, दुसरे कौन्सिल टॅक्ससाठी. इंग्लंडमध्ये दोन्हींचा अर्ज स्थानिक कौन्सिलकडे जातो, म्हणून त्यांची नावे जोडीने घेतली जातात. नियम मात्र एक नाहीत.

कौन्सिल टॅक्स ही तिकडची घरपट्टी म्हणता येईल. फरक इतकाच की ती सहसा मालकाला नव्हे, तर घरात राहणाऱ्याला, म्हणजे भाडेकरूलाही भरावी लागते. त्यामुळे हे साहाय्य भाडेकरूंप्रमाणे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांनाही मिळू शकते. हाउसिंग बेनिफिट फक्त भाड्यासाठी असते. गृहकर्जाच्या हप्त्यासाठी ते मिळत नाही. घरमालक जवळचा नातेवाईक असून त्याच्याच घरात राहत असल्यासही ते नाकारले जाते.

पहिला प्रश्न वयाचा. २०१३ पासून युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे अनेक जुनी साहाय्ये एकत्र करणारे साहाय्य, टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि नोकरीच्या वयातील लोकांचे भाडे त्यात धरले जाऊ लागले. हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज आता मुख्यतः सरकारी पेन्शनचे वय गाठलेल्यांनाच करता येतो. बेघरांना कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या घरात किंवा देखभालीची सोय असलेल्या निवासात राहणारे याला अपवाद. १५ मे २०१९ पासून जोडप्यातल्या एकाचेच वय भरलेले असल्यास साधारणपणे दोघांनाही युनिव्हर्सल क्रेडिटकडेच जावे लागते. त्यात कौन्सिल टॅक्सची सवलत नसते, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे हक्काची सवलत सहज हातची जाते.

मग शिल्लक. १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असली की हाउसिंग बेनिफिट बहुधा मिळत नाही. पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणाऱ्या पूरक रकमेचा, ‘गॅरंटी’ भाग (किमान उत्पन्नाची हमी देणारा) मिळणाऱ्यांना ही मर्यादा नाही. इतर पेन्शनरांचे पहिले १०,००० पौंड सोडून देतात आणि पुढच्या दर ५०० पौंडांमागे, अपुऱ्या पाचशेलाही, आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. खात्यात १२,२०० पौंड असतील तर हिशेबात ५ पौंड धरले जातात, मग बँक व्याज काहीही देवो. पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅटही साधारणपणे याच शिलकेत मोजला जातो, आणि तो लपवणे अंगाशी येऊ शकते.

एप्रिल २०१३ मध्ये जुना कौन्सिल टॅक्स बेनिफिट बंद झाला. इंग्लंडमध्ये पेन्शनरांसाठी नियम देशभर सारखेच राहिले, पण नोकरीच्या वयातील लोकांसाठी प्रत्येक कौन्सिलने स्वतःची योजना आखली. त्यामुळे सारख्याच कमाईच्या दोन कुटुंबांपैकी एकाला काहीच भरावे लागत नाही आणि हद्दीपलीकडच्याला बिलाचा काही हिस्सा भरावाच लागतो. हा न्याय पटणारा नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये देशव्यापी योजना आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच नाही.

ज्यांच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीस पात्र नाही’ अशी अट असते, त्यांना दोन्ही साहाय्ये मिळत नाहीत. नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेली बहुतेक मराठी मंडळी सुरुवातीची वर्षे याच अटीखाली असतात. घरात एकच प्रौढ राहत असल्यास मिळणारी २५ टक्के सूट मात्र या निधीत मोडत नाही, ती त्यांनाही घेता येते.

तिकडे स्थायिक झालेल्या आजी-आजोबांची अडचण वेगळी. जुलै २०१६ पासून हाउसिंग बेनिफिट चालू ठेवून ग्रेट ब्रिटनबाहेर साधारणपणे ४ आठवडेच राहता येते. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे लगेच परतणे शक्य नसेल तर ही मुदत ८ आठवड्यांपर्यंत वाढू शकते. दिवाळीला गावी येऊन नातवाच्या मुंजीपर्यंत थांबायचे आधीच ठरले असेल, तर निघाल्या दिवसापासूनच साहाय्य थांबते.