मालकमपेठेतला माल्कम: एका स्कॉटिश नावाची पार्श्वभूमी

महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं, की ज्या बाजारात ते चणे आणि चपला घेत फिरतात त्या गावाचं नाव जुन्या कागदपत्रांत मालकमपेठ असं आहे. मूळचं क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे पंचगंगेचं देऊळ आहे ते गाव, तिथून काही मैलांवर. ही पेठ ज्याच्या नावाची, तो सर जॉन माल्कम 1827 ते 1830 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं आडनाव मात्र त्याच्यापेक्षा हजारभर वर्षांनी जुनं आहे, आणि त्याचा प्रवास एका संन्याशापासून सुरू होतो.

आयर्लंडमध्ये सन 521 च्या सुमारास जन्मलेला कोलंबा हा ख्रिस्ती भिक्षू 563 मध्ये समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयोना बेटावर उतरला. बेट जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं. तिथे त्याने मठ उभारला आणि 597 मध्ये तिथेच देह ठेवला. या मठातून धर्म आणि अक्षरज्ञान स्कॉटलंडभर पसरलं. कोलंबा हा लॅटिन शब्द, अर्थ कबुतर. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत त्याचं झालं कोलम.

गेलिकमध्ये ‘माओल’ म्हणजे बोडका. बोडक्या, गोलसर डोंगरालाही हाच शब्द लावतात. मल ऑफ किन्टायर या भूशिरातला ‘मल’ तोच. आयर्लंडकडचे भिक्षू डोक्याचा पुढचा भाग कानापासून कानापर्यंत भादरत, म्हणून बोडका म्हणजे दीक्षा घेतलेला, आणि त्यातून सेवक, दास असा अर्थ आला. माओल कोलम, म्हणजेच माल्कम, याचा अर्थ कोलंबाचा दास. आपल्याकडे रामदास, विष्णुदास ही नावं ज्या भावनेतून ठेवली गेली, तीच ही भावना. संताचं नाव थेट मुलाला देण्याऐवजी त्याचं दास्य मुलाच्या नावात बांधायचं. गेलिकमधला ‘गिल’ हा शब्दही हेच काम करतो: गिलख्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक, गिलमोर म्हणजे मेरीचा.

या बोडक्या सेवकाच्या नावाचे चार राजे स्कॉटलंडच्या गादीवर बसले. पहिला दहाव्या शतकात, दुसरा 1005 ते 1034. सर्वांत गाजला तो तिसरा. त्याचा बाप डंकन 1040 मध्ये मॅकबेथविरुद्ध लढताना मारला गेला. 1057 मध्ये माल्कमने मॅकबेथला लंफानन इथे ठार केलं आणि पुढच्या वर्षी गादी मिळवली. शेक्सपिअरच्या नाटकाच्या शेवटी जो राजपुत्र राजा म्हणून पुकारला जातो, तो हाच. नाटकात हा सगळा काळ काही दिवसांत उरकल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मॅकबेथने सतरा वर्षं राज्य केलं.

मला या राजाच्या लढायांपेक्षा त्याच्या घरातली नावं जास्त बोलकी वाटतात. त्याची राणी मार्गारेट इंग्लंडच्या राजघराण्यातली. पुढे चर्चने तिला संतपद दिलं. तिच्या मुलांची नावं एडवर्ड, एडमंड, एथेलरेड, एडगर, अलेक्झांडर आणि डेव्हिड. गेलिक बोलणाऱ्या राजाच्या या सहा मुलांपैकी एकाचंही नाव गेलिक नाही. पहिली चार तर मार्गारेटच्या माहेरच्या घराण्यातली. दरबाराची भाषा आणि ओढ कुठे वळते आहे, हे पाळण्यात ठेवलेल्या नावांतूनच दिसतं. 1093 मध्ये नॉर्दम्बरलंडमधल्या अ‍ॅनिकजवळ माल्कम मारला गेला, मार्गारेटचा थोरला मुलगा एडवर्डही त्याच मोहिमेत गेला. पुढे डेव्हिडचा नातू चौथा माल्कम म्हणून गादीवर आला आणि 1165 मध्ये, वयाची पंचविशीही गाठण्याआधी वारला. त्यानंतर स्कॉटलंडला माल्कम नावाचा राजा झाला नाही.

राजवाड्यातून गेलं तरी नाव घराघरांत टिकलं. गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ भागात त्याच माणसाला घरी कॅलम म्हणत आणि इंग्रजी कागदावर माल्कम लिहीत. मुलगी झाली तर बाप-आजाच्या नावाला ‘इना’ जोडून माल्कमिना असंही नाव ठेवत. आडनावांतही अशीच उलथापालथ झाली. पश्चिम स्कॉटलंडच्या अर्गाइलमधल्या पोल्टलॉकच्या मॅककॅलम घराण्याने अठराव्या शतकात आपलं आडनाव बदलून माल्कम केलं. याच घराण्याचे जमैकात उसाचे मळे होते आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. कॅरिबियनमध्ये इतकी स्कॉटिश आडनावं का दिसतात, त्याचं मोठं कारण असे मळे, त्यांचे मालक आणि मुकादम हेच आहे. तिथे नाव मायेने दिलं गेलं नाही. ते लादलं गेलं, हे विसरून या नावाच्या प्रसाराबद्दल लिहिता येणार नाही.

अमेरिकेत 1925 मध्ये ओमाहा शहरात जन्मलेल्या, पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडलेल्या माल्कम लिटलला हाच प्रश्न टोचत होता. लिटल हे आडनाव पूर्वजांना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या मालकाचं, म्हणून त्याने ते टाकलं आणि हरवलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी फक्त एक्स हे अक्षर लावलं. माल्कम मात्र ठेवलं. 1964 च्या मक्का यात्रेनंतर तो अल-हाज मलिक अल-शबाझ हे नाव वापरू लागला, तरी जगाने त्याला माल्कम एक्स म्हणूनच लक्षात ठेवलं.

आपल्या क्रिकेटवेड्या घरांत हे नाव आलं बार्बाडोसच्या माल्कम मार्शलमुळे. 81 कसोटींत 376 बळी. 1983 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात मोहिंदर अमरनाथच्या चेंडूवर गावसकरने त्याचा झेल घेतला, तेव्हा आशा खरी वाटू लागली. त्याच वर्षी कानपूर कसोटीत त्याच्या चेंडूने गावसकरच्या हातातली बॅट उडवली. ते चित्र माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑस्ट्रेलियाला या नावाने दोन पंतप्रधान दिले, फ्रेझर आणि टर्नबुल.

आता पुन्हा जॉन माल्कमकडे. त्याचा जन्म 1769 चा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लँगहमजवळचा. घरात सतरा भावंडं. कोवळ्या वयातच तो कंपनीच्या फौजेत भरती होऊन मद्रासला आला. कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून इराणला गेला, तिथे त्याने बटाट्याचा प्रसार केला असं मानतात, आणि बटाट्याला फारसीत ‘आलू-ए-मलकम’, म्हणजे माल्कमचं आलुबुखार, असं नाव काही काळ चाललं.

मराठी इतिहासात तो अधिक जड पावलांनी येतो. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, त्या लढाईत तो होता. जून 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरण जाताना बोलणी केली ती याच माल्कमशी. त्याने पेशव्याला वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा कबूल केला, आणि ही रक्कम फार मोठी आहे म्हणून वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली. बाजीराव बिठूरला गेला. पेशवाईचा शेवटचा करार ज्याच्या शब्दावर झाला, त्याच्याच नावाची पेठ सह्याद्रीच्या माथ्यावर वसावी, हे मला प्रत्येक वेळी वेण्णा तलावावरून बाजाराकडे येताना आठवतं आणि मन जड होतं.

गव्हर्नर झाल्यावर त्याला आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी थंड हवेची जागा हवी होती. 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन डोंगरावरची जमीन इंग्रजांकडे आली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव मिळालं. त्या जमिनीवर बंगले उठले, बाजार भरला, आणि कोलंबाच्या दासाच्या नावाला आपला ‘पेठ’ शब्द जोडून सातारच्या दप्तरात नोंद झाली: मालकमपेठ.